मामीच्या तोंडातली डावी बाजू

आमच्या मामीला गाडी चालवता येत नाही, असं अख्खं गाव म्हणतं.

जिने अर्ध्या गावाला गाडी शिकवली तिच्याबद्दल असं बोलायला गावाकडे पुरावा काय? तर तिला स्टिअरिंगवर बसलेली कुणी पाहिलेलीच नाही. भाजी आणायला निघाली की स्टिअरिंगवर कुणीतरी घाम पुसत बसलेलं असतं आणि मामी शेजारी. दवाखान्यात जायचं, तरी शेजारी. सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही ती शेजारी बसूनच गेली. गाडी चालवत होता एक नवशिका दंतवैद्य. लग्नघरात त्याला कुणी ओळखत नव्हतं, तरी पहिल्या पंगतीला आग्रह करकरून जेवायला घातलं, कारण त्याचा चेहरा सगळ्या पाहुण्यांत जास्त थकलेला होता.

दूधवाला छातीठोकपणे सांगतो, "त्या नुसत्या बोलतात हो. चालवणारे वेगळेच!"

खरी गोष्ट अशी की मामीचं लायसन दूधवाल्यापेक्षा वयाने मोठं आहे. लग्नाआधी ती गॅस सिलिंडरचा टेम्पो चालवायची. हा टेम्पो मामाच्या गॅरेजच्या दारात बंद पडला आणि त्यांची ओळख झाली. मामा म्हणतो, तो बंद पडलाच नव्हता. मामी म्हणते, पडला होता. हा वाद माझ्या जन्माआधीपासून चालू आहे आणि दोघांनाही तो मिटवायचा नाही. मग मामीने ड्रायव्हिंग स्कूल काढलं, मामाने गाडीत तिच्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक बसवून दिला, आणि तेव्हापासून ती डावीकडच्या सीटवर जी बसली ती बसलीच. तिचं एक तत्त्व आहे: स्टिअरिंग शिष्याचं. आपण धरलं तर तेवढं त्याचं शिकणं वाया.

आता मला नकला येतात. येतात म्हणजे थांबवता येत नाहीत. आमचं घर मामाच्या घराच्या वरच्या मजल्यावर, त्यामुळे मामीचं बोलणं मी शाळेच्या कवितांआधी पाठ केलं. ती ओरडत नाही. चढावर गाडी मागे यायला लागली, शिष्य रडायला लागला, मागचा ट्रक बोंबलायला लागला, तरी मामीचा आवाज गरम पाण्याच्या पिशवीसारखा. "हळूऽऽ. गाडी आहे, बकरी नव्हे. ओढू नका." "आरशात बघा. भांग नको, मागचा टेम्पो बघा." "हॉर्न एक शब्द आहे. निबंध लिहू नका." "घाई मागच्याला आहे ना? मग त्याची त्याला होऊ दे." आणि दर वळणावर, दर सायकलला, दर कुत्र्याला: "डावीकडे. डावीकडेऽ. आपली बाजू डावी."

सगळ्यांत हे शेवटचं वाक्य जास्त, कारण मामीचा रस्ताही एकच. स्कूलच्या दारातून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा, बस डेपोची लांब भिंत, दवाखान्याचा चढ, परत दार. तिचे शिष्य गाडी शिकून डोंगरात गेले, समुद्रावर गेले, एक तर सरहद्दीवर ट्रक चालवतो. मामी टाकीवर.

"लोकांना जायला शिकवते," ती एकदा मला म्हणाली होती, "आणि आपण गरगर फिरते. घाण्याच्या बैलासारखी."

"बैलाला ब्रेक नसतो," मामा जेवता जेवता म्हणाला होता.

बँकेतले कॅशिअर काका मामीचे जुने शिष्य. मनाने इतके मऊ की गिअर खडखडला तर गिअरलाच सॉरी म्हणतात. एक दिवस ते सांगत आले, की एक संस्था आहे, ती शिकवणारी माणसं परदेशात धाडते. सुतार, नर्स, गणिताचे मास्तर. पगार नाही, पण राहायची-जेवायची सोय. आणि सध्या त्यांना गाडी शिकवणारी बाई हवी आहे आणि मिळत नाही. तिकडे एका डोंगराळ भागात सुईणींना सरकारने गाड्या दिल्यात. गाड्या दारात उभ्या, पण चालवायला येतं कुणाला? तिथे पुरुषाच्या शेजारी बसून शिकायची घरोघर पंचाईत. तेव्हा बाळंतिणीचा निरोप आला की सुईण पिशवी घेऊन दारात उभी, आणि भाऊ कधी येतो नि गाडी काढतो याची वाट बघत.

मामी भांडी पुसत होती. पुसायची थांबली.

"म्हणजे गाडी समोर आहे आणि बाई भावाची वाट बघतेय?"

"हो ना. सॉरी हं," कॅशिअर काका म्हणाले, जणू भाऊ त्यांनीच लपवून ठेवला होता.

"मी जाते," मामी म्हणाली.

इथे मामाबद्दल एक सांगायला हवं. मामा काम करताना तोंडात स्क्रू धरतो आणि तो सदैव काम करत असतो. त्यामुळे ओठ मिटून बोलायची अक्षरं त्याच्याकडून फक्त जेवताना ऐकायला मिळतात. त्याने वर न बघता विचारलं, "किती दिवस?"

"दोन ऋतू जातील."

"जा. गाडीच्या तेलाची काळजी करू नको."

मामाच्या तोंडून यापेक्षा मोठं प्रेमपत्र निघत नाही.

सगळं ठरत आलं तेव्हा संस्थेच्या बाईंनी फोनवर सहज सांगितलं, "तिकडे वाहतूक उजव्या बाजूने असते, हे माहीत असेलच. गाडीतलं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे तुम्ही उजवीकडे बसणार. निघण्याआधी आमच्या मैदानावर एक चाचणी घेतो. छोटीशीच."

"त्यात काय," मामी म्हणाली.

त्यात काय होतं ते पुढच्या रविवारी कळलं.

मामाने गॅरेजच्या फरशीवर दोन खुर्च्या शेजारी मांडल्या. डावीकडच्या खुर्चीसमोर भंगारातलं खरं स्टिअरिंग स्टुलावर बसवलं, दोन्हीकडे पेडल जोडली, अगदी स्प्रिंगसकट. मामी उजवीकडे. शिष्य मी. तिकडच्या भाषेतले लागणारे शब्द संस्थेने रेकॉर्ड करून दिले होते: थांब, हळू, आरसा, डावी, उजवी. माझ्या कानाला ते लगेच चिकटले आणि मी मामीच्या जिभेला चिकटवत होते. इथे मी सगळं मराठीतच लिहिते, कारण त्या भाषेतला एक घशातून येणारा आवाज आपल्या अक्षरांत बसवायला गेले तर अक्षराचं हाड मोडेल.

त्या दिवशी मी कॅशिअर काका झाले होते. "सॉरी हं, दुसरा टाकतो. टाकू ना? सॉरी."

"गिअरची माफी मागू नका, तो मनावर घेत नाही. उजवी बाजू धरून चला." छान. "आरसा. भांग नको." छान. मामा तेलाचा डबा छातीशी धरून समोरून ट्रक म्हणून आला. तोंडाने "घुर्रर्र". मी घाबरलेल्या कॅशिअरसारखं स्टिअरिंग थेट ट्रककडे वळवलं.

"डावीकडे!" मामी ओरडली. "डावीकडे! डावीकडे!"

मी आज्ञाधारक शिष्य. घेतली डावीकडे. म्हणजे पार मामाच्या पोटात.

मामाने डबा खाली ठेवला. "गेलो," तो म्हणाला.

आम्ही हसलो. मामीही हसली. मग पुन्हा केलं. मग ट्रकऐवजी म्हैस केली, म्हशीऐवजी पोलीस. साधं बोलताना मामी पक्की उजवी. पण जीव घाबरा झाला की डावी. मी म्हटलं, मराठीत नको, तिकडच्या भाषेत ओरड. ती तिकडच्या भाषेत ओरडली, उच्चारही सुंदर. फक्त तो शब्द 'डावी' होता. घाबरताना तिने भाषा बदलली, बाजू नाही.

संध्याकाळपर्यंत मामीचं हसू गेलं.

मामाने तोंडातले स्क्रू काढून तळहातावर घेतले. हे तो फार क्वचित करतो. "अगं, ब्रेक तुझ्या पायाखाली आहे. दाब आणि गप्प बस. बोलायचंच कशाला?"

"मी आहे तोवर पाय आहे," मामी म्हणाली. "मी परत आले की त्या बाईजवळ काय राहणार? माझा आवाज. घाटात एकटी असेल, मागे पिशवी, समोर ट्रक, आणि कानात मी. आणि मी काय सांगतेय? ट्रकखाली जा."

मामाने स्क्रू परत तोंडात घातले. कारण ते खरं आहे. सिग्नलला कॅशिअर काकांची गाडी आमच्या स्कूटरच्या शेजारी उभी असली की काच खाली असते आणि ते एकटेच पुटपुटत असतात, "आरशात बघा. भांग नको." त्यांना टक्कल पडून जमाना झाला. दंतवैद्य म्हणे भूल देतानाही "हळूऽऽ, बकरी नव्हे" म्हणतो. मी मामीची नक्कल करते ती निदान ठरवून. बाकीचं गाव नकळत करतं.

मग मामीने स्वतःला धुऊन काढायला घेतलं. डाव्या हाताने दात घासले, कारण तिकडे स्टिअरिंग सावरायला डावा हात पुढे जायला हवा. जिन्यात उजव्या कठड्याने चढली. उजव्या मनगटाला रुमाल बांधला. दाराची बेल वाजली की उघडायच्या आधी "उजवीकडे!" अशी आरोळी. दूधवाला एकदा ते ऐकून खरोखर उजवीकडे सरकला आणि कुंडीत पाय घालून उभा राहिला.

मी तर खुश होते. इतकं नवं सामान नक्कल करायला रोज कुठे मिळतं! म्हणजे डेपोच्या भिंतीपर्यंत खुश होते.

झालं असं. त्या सकाळी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या गाडीत, मामीच्या शेजारी पोहायला शिकवणारे मास्तर होते. भीती वाटली की ते सवयीने श्वास रोखून धरतात. डेपोच्या फाटकातून बस निघाली, मास्तर मधोमध आले, आणि मामी म्हणाली, "उजवीकडे!"

मामीचा पाय मात्र तिच्या तोंडापेक्षा शहाणा. ब्रेक लागला. बस हातभर अंतरावरून गेली. कुणाला काही झालं नाही. मास्तरांनी श्वास सोडला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या तोंडून उजवीकडे?"

मामीने गाडी कडेला घ्यायला लावली, त्यांना बसने घरी पाठवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रिकामी गाडी स्वतः चालवत परत आली. स्कूलच्या दाराला कुलूप लावलं. मी शाळेतून आले तेव्हा ती गॅरेजमधल्या त्या उजव्या खुर्चीवर बसली होती, स्टिअरिंगकडे बघत.

"उद्या संस्थेला फोन करून नाही सांगते," ती म्हणाली. "मी आता इकडचीही राहिले नाही. बघतील दुसरी कुणीतरी."

"दुसरी मिळत नाहीये म्हणून तर तुला—"

"नसलेली बरी. चुकीची नको."

मी त्या वाक्याची नक्कल मनातल्या मनात करून बघितली. झाली नाही. त्या आवाजाला पकडायला काही कानाकोपराच नव्हता.

तरी आजोबांना फिरायला न्यायचं चुकत नाही. आजोबा म्हणजे मामाचे आणि माझ्या आईचे वडील. त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच दिसतं, पण जीभ शाबूत आहे. रोज संध्याकाळी मामी त्यांना डेपोच्या भिंतीपर्यंत नेते आणि परत आणते. मामा नेईन म्हणतो तर आजोबा म्हणतात, "नको, तो मला ढकलगाडीसारखा नेतो." त्या संध्याकाळी मीही मागून चालत होते. मामी गप्प. आजोबांना गप्प माणूस सोसत नाही.

"सूनबाई, आज पेट्रोल संपलं का?"

"नाही बाबा."

"मग आवाज का येत नाही? इंजिन बंद करून उताराला लागलीस की काय?"

एका फाटकातून अचानक सायकल निघाली. "माझ्याकडे, बाबा," मामी म्हणाली. आजोबा तिच्याकडे सरकले, सायकल भिंतीलगत गेली. परत फिरलो. येताना मामी त्यांच्या दुसऱ्या हाताला आली, कारण रस्त्याच्या बाजूला नेहमी ती असते, ते आत. थोडं पुढे कुणीतरी पायवाटेवर धुतलेली बादली उलटी घालून ठेवली होती. "माझ्याकडे, बाबा." आजोबा सरकले.

मग त्यांचं सुरू झालं. "काय गंमत आहे बघ. अख्ख्या गावाला डावं-उजवं शिकवतेस. मी सासरा, घरचा माणूस, आणि मला मेलं एकच. माझ्याकडे, माझ्याकडे! जाताना माझ्याकडे, येताना माझ्याकडे. मला काय डावं-उजवं कळत नाही?"

मामी थांबली. इतकी एकदम, की मी तिच्या पाठीवर आपटले.

"बाबा, परत बोला."

"काय बोलू? वाईट वाटलं का? अगं, गंमत केली."

"जाताना मी तुमच्या उजवीकडे होते ना?"

"असशील."

"आणि आता डावीकडे."

"तू कुठे आहेस हे मला विचारतेस? सूनबाई, आंधळा मी आहे."

मामीने रस्त्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे, आणि मग डावा हात उचलून जणू समोर गाडीची काच आहे तशी हवेत एक रेघ ओढली. मग उजवा हात उचलून तशीच दुसरी. मी मागे उभी राहून बघतेय. आपली मामी वेडी झाली, असं मला अगदी स्वच्छ वाटलं.

"इथे मी डावीकडे बसते," ती हळूच म्हणाली. "म्हणजे रस्त्याच्या कडेला. तिथे उजवीकडे बसणार. ती पण रस्त्याची कडच. स्टिअरिंग मधल्या बाजूला, मी कडेच्या. इथे काय नि तिथे काय, मी कायम कडेलाच. अगं, मग डावं-उजवं मरू दे की! माझ्याकडे म्हटलं की झालं! माझ्याकडे म्हणजे जीव वाचला. तुझ्याकडे म्हणजे समोरचा ट्रक."

आजोबांनी मान वळवून माझ्या दिशेला विचारलं, "ही काय म्हणतेय?"

"तुम्ही हुशार आहात असं म्हणतेय," मी म्हणाले.

"मग मोठ्याने म्हणायला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने संस्थेला फोन केलाच. मी शेजारी कान लावून. पलीकडे त्या बाई: कोरडा, इस्त्रीचा आवाज, प्रत्येक वाक्याला बटण.

"बोला. निघायची तयारी कशी आहे?"

"एकच विचारायचं होतं," मामी म्हणाली. "तिकडच्या भाषेत 'माझ्याकडे' कसं म्हणतात?"

"का हो?" बाईंनी विचारलं.

"लागेल."

बाईंनी शब्द सांगितला. छोटा, गोल, एका दमात संपणारा. घाबरल्यावर ओरडायला अगदी बेतलेला. मी तो घरभर म्हणत सुटले, आई वरून ओरडली तेव्हा तिलाही तोच ऐकवला.

एका रात्रीत जादू झाली नाही, हेही लिहिते. खुर्च्यांवर पहिल्या दिवशी मामा-ट्रक आला तेव्हा मामी म्हणाली, "डा— माझ्याकडे!" आणि अर्ध्या 'डा'ने मामाच्या पायावर स्टूल पडलं. मग मी माझा सगळा बाजार मांडला. श्वास रोखणारे मास्तर झाले, सॉरीवाले काका झाले, प्रत्येक सूचनेला "का?" विचारणारी माझी मैत्रीण झाले, आणि शेवटी खुद्द मामी झाले. म्हणजे शिष्याच्या खुर्चीत बसून तिच्याच आवाजात, "हळूऽऽ, मला सगळं येतं" म्हणत गाडी ट्रकवर घातली.

"माझ्याकडे, आगाऊ कार्टे!" मामी ओरडली.

'डा' नव्हता. मामाने डबा छातीशी धरूनच मान डोलावली. स्कूलच्या गाडीतही तिने तेच सुरू केलं. पोहण्याचे मास्तर परत आले, मधोमध जाऊ लागले, "माझ्याकडे," मामी म्हणाली, आणि ते कडेला आले. "हे बरंय," ते म्हणाले. "डावं म्हटलं की मला आधी कुठल्या हाताने जेवतो ते आठवावं लागायचं." हे त्यांनी इतक्या दिवसांत कधी सांगितलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. संस्थेचं मैदान म्हणजे उंच भिंतीच्या आत चुन्याने आखलेले रस्ते, वळणं, मातीचा एक खोटा घाट, आणि उलट्या बाजूच्या स्टिअरिंगची एक जुनी पांढरी गाडी. फाटकाशी मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंड का पाडलंयस? परीक्षा माझी आहे."

"तू पहिल्याच वळणाला डावीकडे म्हणशील," मी म्हणाले. भीती बाहेर काढायची माझी ही एकच रीत आहे.

"लाव पैज."

"लावली! आत एकदा जरी डावी-उजवी म्हणालीस तर तू जाईपर्यंत स्कूलचा फोन मी उचलणार. तुझ्या आवाजात."

"आणि नाही म्हणाले तर मी परत येईपर्यंत रोज संध्याकाळी बाबांना फिरायला तू नेणार. एकही दिवस न चुकवता. पाऊस असो, परीक्षा असो."

मी हात पुढे केला. मामाने मध्येच आमच्या हातांवर हात आपटून साक्ष दिली. तोंडात स्क्रू होता. काम काहीच नव्हतं, तरी होता.

संस्थेच्या बाई उंच, केस घट्ट बांधलेले. त्यांनी आम्हाला मागे बसायला सांगितलं. "बसा, बसा. तिकडेही मागे कुणीतरी असतंच. बहुधा शिष्येची सासू." आणि त्या स्वतः डावीकडे स्टिअरिंगवर बसल्या. म्हणाल्या, "आता मी शिष्या."

आणि मग काय सांगू! त्या कोरड्या बाईंनी दार लावलं आणि दुसऱ्याच झाल्या. खांदे कानाला लागले, आवाज अर्धा झाला, बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. तिकडच्याच भाषेत त्या "देवा, देवा" असं काहीतरी पुटपुटायला लागल्या. मी मागे बसून मनोमन सलाम केला. माझीच जात! फक्त कितीतरी वरच्या इयत्तेतली.

मामी मात्र त्यांच्याकडे नक्कल म्हणून बघतच नव्हती. तिच्या लेखी ती घाबरलेली सुईण होती, संपलं. "हळूऽऽ," तिकडच्या भाषेत. "मागचं बघ. घाई कुणाला आहे?" गरम पाण्याची पिशवी. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मातीचा घाट चढलो. वर पोहोचतो न पोहोचतो तोच पलीकडून संस्थेचा ड्रायव्हर जीप घेऊन थेट समोर, आणि बाईंनी किंचाळून स्टिअरिंग जीपकडे वळवलं.

मामीचं तोंड उघडलं. मला बाजूने तिचा जबडा दिसत होता. मी डोळे मिटले.

"माझ्याकडे," मामी म्हणाली.

ओरडून नाही. आजोबांना म्हणते तसं. डावा हात स्टिअरिंगखाली नुसता धरलेला, पाय ब्रेकवर टेकलेला पण दाबलेला नाही. बाईंनी गाडी तिच्याकडे घेतली. जीप शेजारून भुर्रकन गेली आणि ड्रायव्हरने हात केला.

त्यानंतर बाईंनी आणखी बराच छळ मांडला. गाडी उतारावर बंद पाडली, चौकात रडल्या, आरसा बघताना खरोखर भांग बघितला. मामी एकदाही चुकली नाही. शेवटी गाडी फाटकाशी थांबली, बाईंचे खांदे खाली आले, आवाज परत इस्त्रीचा झाला.

"डावं-उजवं एकदाही म्हणाला नाहीत तुम्ही."

"विसरायला झालं," मामी म्हणाली.

"आमच्या इतर शिक्षकांनाही हे सांगाल का? घाटावर दोघांनी मला त्या जीपवर घातलंय." आणि मग, "कधी निघू शकता?"

मामी खाली उतरली आणि मैदानाच्या दगडी पायरीवर बसली. पाय लांब केले. "हुश्श," म्हणाली आणि हसायलाच लागली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मामाने तोंडातला स्क्रू काढला, खिशात टाकला आणि म्हणाला, "बरं झालं बाई. बरं झालं. फार बरं झालं." ओठ मिटायची सगळी अक्षरं त्याने एका दमात वापरून टाकली. माझ्या छातीवरून तर कुणीतरी तेलाचा डबा उचलल्यासारखं झालं. पैज हरल्याचं कुणाला सुचतंय!

सुचलं ते घरी येताना. गाडी मामा चालवत होता. गल्लीत एक कुत्रा आडवा आला आणि मामी म्हणाली, "अहो, डावीकडे, डावीकडे!"

"हरलीस!" मी मागून टाळी वाजवली. "म्हणालीस! मी ऐकलं! फोन माझा!"

"पैज मैदानातली होती."

"मैदानातली असं कुठे ठरलं होतं?"

"'आत एकदा जरी,' असं तूच म्हणालीस. माझ्याच आवाजात नव्हे, तुझ्या आवाजात. शिवाय इथे डावीकडेच बरोबर आहे. विचार तुझ्या मामाला."

"बरोबर आहे," मामा म्हणाला. स्क्रू खिशात असल्याने तो आता कुणाचीही बाजू घ्यायला मोकळा होता.

मग मी आजोबांच्या खोलीत गेले आणि सरळ सांगून टाकलं. मामी पास झाली, जाणार आहे, मी पैज हरले, आणि उद्यापासून रोज संध्याकाळी तुम्हाला मी फिरवणार.

आजोबा सून पास झाल्याच्या आनंदात उठून बसले. मग बाकीचं त्यांच्या ध्यानात आलं.

"हा कुठला न्याय?" ते म्हणाले. "हरलीस तू आणि शिक्षा मला?"